पोटात दूध: होय

संशोधन केंद्रात एकूण अकरा जण होते आणि त्यातल्या दहा जणांच्या नावाला पदव्या चिकटलेल्या होत्या. अकराव्या सुरीमावशी. त्यांच्या नावाला काहीच चिकटलेलं नव्हतं, पण किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागल्याचा फोन आला की दहाही जण आधी त्यांनाच शोधत सुटायचे. डॉल्फिन कसा फाडायचा हे त्या दहा जणांनी पुस्तकात वाचलं होतं. फाडता मात्र एकट्या मावशींना येत होता.

त्या इथे आल्या त्याही टोमणा मारूनच. त्याआधी मासळीबाजारात त्या गिऱ्हाइकांना मासे कापून द्यायच्या. एके सकाळी बाजारामागच्या वाळूवर डॉल्फिन लागला आणि केंद्राचे म्हातारे सर दोन मदतनीस घेऊन तो फाडायला बसले. अर्धा तास झाला तरी चरबीच्या थराच्या आत काही कुणाचा चाकू जाईना. मावशी आपलं गिऱ्हाईक तसंच सोडून तिथे गेल्या. म्हणाल्या, "अहो, पेन्सिलीला टोक काढताय का?" आणि स्वतःची सुरी मानेमागे घालून एका दमात शेपटीपर्यंत आणली. मदतनिसांनी तोंडात बोटं घातली. सर रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी ते बाजारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "आमच्याकडे कामाला याल का?"

त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. मावशी साठीच्या उंबरठ्यावर आल्या होत्या. केंद्राच्या मागच्या बाजूची खोली त्यांची. मधोमध स्टीलचं लांब टेबल, त्याला मोरीच्या बाजूनं थोडा उतार, छताला लोखंडी आकडा आणि वजनकाटा, भिंतीला रबरी नळी आणि एकच खिडकी, तीही अर्धीच उघडणारी. तिथला वास अंगाला असा धरून बसायचा की घरी जाताना बसमध्ये मावशींच्या शेजारची जागा हमखास रिकामी राहायची. "मी राणीसारखी ऐसपैस बसून जाते," असं त्या सांगायच्या.

कामाची रीत ठरलेली होती. आधी लांबी, मग तीन ठिकाणी चरबीची जाडी. मग चरबीचा तळहाताएवढा तुकडा कापून अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा, त्यावर चिठ्ठी लावायची आणि पुडी फ्रीझरमध्ये टाकायची. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. प्लॅस्टिकमधलंच काहीबाही चरबीला लागतं आणि तपासणी बिघडते. तपासणी कधी होणार, हे मात्र देवाला ठाऊक. सर म्हणायचे, "यंत्र येईल, मग बघू." यंत्र काही आलं नाही. पुड्या वाढत गेल्या, एका फ्रीझरचे तीन फ्रीझर झाले आणि यंत्राची वाट बघता बघता सर निवृत्त झाले.

शेवटी पोट उघडायचं आणि छापील फॉर्मवर लिहायचं, पोटात काय सापडलं. मासे, जाळ्याचे तुकडे, काहीच नाही. पिल्लू असलं तर त्याच्यासाठी वेगळी ओळ होती: पोटात दूध. होय किंवा नाही.

अगदी सुरुवातीला सरांनी विचारलं होतं, "दुधाचाही नमुना ठेवायचा का हो, मावशी?" खरं तर हे त्यांनी मावशींना विचारायचं कारण नव्हतं, पण बाटल्या कमी होत्या आणि जागाही. मावशी म्हणाल्या होत्या, "दूधच ते सर, आईचं. त्यात काय बघायचं?" सर हसले आणि म्हणाले, "तेही खरंच." तेव्हापासून एकोणीस वर्षं मावशी 'होय' समोर खूण करायच्या आणि नळी सोडून दूध मोरीत वाहू द्यायच्या. डॉल्फिनचं दूध फार दाट असतं, सायीसारखं. नुसत्या पाण्यानं ते लवकर जातही नाही.

अशा प्रत्येक पिल्लावर हात फिरवून त्या एक वाक्य म्हणायच्या. "भरल्या पोटी गेलं." दहा पदवीधरांना ती मावशींची लकब वाटायची. एकदोघं तर त्यांची नक्कलही करायचे. ते वाक्य आलं कुठून, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

ते वाक्य मावशींच्या आईचं होतं. मावशींचं पहिलं बाळ, मुलगा, अकरा आठवड्यांचा होऊन गेला, त्या दिवशीचं.

तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान नदीच्या मुखाशी कामगारांच्या वसाहतीत राहायचे. यजमान विजेचे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये मिस्त्री होते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल काढायचं, नवं भरायचं, जुनं शेडमागच्या खड्ड्यात ओतायचं, असं ते काम. खड्डा भरला की नाल्यात आणि नाला नदीत. त्या तेलाचं सगळ्यांना भारी कौतुक. ते पेट घेत नाही, नासत नाही, वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. मिस्त्री कोपरापर्यंत तेलानं माखून घरी यायचे आणि म्हणायचे, "बघ, हात कसे लोण्यासारखे मऊ राहतात." संध्याकाळी शेडमधलंच कुणीतरी नदीच्या मुखावर जाळं टाकायचं. मासे फुकट आणि ताजे. मावशींना सातवा महिना लागल्यावर तर शेजारणी आग्रह करकरून वाढायच्या.

बाळ जन्माला आलं तेव्हा गुटगुटीत होतं. तिसऱ्या आठवड्यात कान वाहायला लागला, मग ताप, मग छाती भरली. एक दुखणं निस्तरावं तर दुसरं हजर. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. ते काट्यावर बाळ ठेवायचे आणि बुचकळ्यात पडायचे, कारण वजन चांगलं वाढत होतं. "अंगावर छान पितोय," ते म्हणायचे, "मग अंगात ताकद का धरत नाही?" अकराव्या आठवड्यात एका दुपारी तो पोटभर प्याला, झोपला आणि उठलाच नाही. अजून त्याचं नावही ठरलं नव्हतं.

भेटायला आलेल्या बायकांसमोर सासूबाई म्हणाल्या, "आईचं दूधच लागलं नाही हो पोराला." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे कपडे दुधानं भिजत होते. तेव्हा त्यांची आई, जी जन्मात कुणाला उलटून बोलली नव्हती, ती ताडकन उठली. "माझ्या लेकीच्या दुधाला नाव ठेवायचं नाही. उपाशी नाही गेला तो. भरल्या पोटी गेला."

त्या एका वाक्याला धरून मावशी पुढचं सगळं आयुष्य उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी मुलगी झाली. तिला साधं पडसंसुद्धा व्हायचं नाही. ठणठणीत वाढली, शिकली, आता परगावी स्वतःच्या संसारात होती. मुलाबद्दल मिस्त्री कधीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून घरात तो विषय जो मिटला तो मिटलाच.

सरांच्या जागी मॅडम आल्या. तिशीच्या, किडकिडीत, बोलताना चष्मा सारखा वर ढकलणाऱ्या. सरांनी एकोणीस वर्षांत जे केलं नाही ते त्यांनी सहा महिन्यांत केलं. यंत्राची वाट बघत बसण्यापेक्षा ज्यांच्याकडे यंत्र होतं अशा दूरच्या प्रयोगशाळेशी बोलून त्यांनी तिन्ही फ्रीझर रिकामे केले. पुड्या निघाल्या दोनशे चौदा. पुड्या रवाना होताना मॅडमनी विचारलं, "मावशी, पिल्लांच्या पोटातलं दूध कुठे ठेवलंय? आणि आईच्या सडांतलं?"

"दूध कशाला ठेवायचं?" मावशी म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा वर ढकलला. "असू दे," त्या म्हणाल्या. "चरबीवरून कळेल."

चार महिन्यांनी निकाल आले. त्याच आठवड्यात किनाऱ्याला एक मादी आणि तिचं पिल्लू एकाच भरतीला लागली होती, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मावशींनी मादीचं अंडाशय कापून बघितलं. एका गर्भारपणाचा एकच मोठा वण. "पहिलटकरीण," त्या म्हणाल्या. मग पिल्लू घेतलं. फुप्फुसात पू, कानात पू, जठर दुधानं तट्ट भरलेलं. त्यांनी 'होय' समोर खूण केली, हात फिरवला आणि म्हणाल्या, "भरल्या पोटी गेलं."

मॅडम दारात उभ्या होत्या. हातात कागद होते. "मावशी, जरा बसा," त्या म्हणाल्या, "आणि ते दूध टाकू नका."

मॅडमना समजावून सांगायची हौस होती आणि मावशींच्या आयुष्यात काय घडून गेलंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्या भरभर बोलत गेल्या. पीसीबी नावाची रसायनं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायची. कधीच बंद झाली, पण नासत नाहीत ना, त्यामुळे अजून समुद्रात आहेत. लहान माशाच्या अंगातून मोठ्या माशाच्या, तिथून डॉल्फिनच्या. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत जाऊन बसतात. नर मरेपर्यंत साठवत राहतो. मादीच्या अंगातलं मात्र एका वाटेनं बाहेर पडतं.

"कुठल्या?" मावशींनी विचारलं.

"दुधाच्या," मॅडम म्हणाल्या. "दूध चरबीचं असतं ना. आठ-दहा वर्षांचं साठलेलं असतं आणि पहिलं पिल्लू थोड्या महिन्यांत त्यातलं बरंचसं पिऊन घेतं. मग त्याच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद उरत नाही. साधं दुखणंही झेपत नाही. दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतं, तिसऱ्याच्या आणखी कमी. हे बघा, तुमच्याच पुड्या." त्यांनी कागद पुढे केला. "या माद्या. पिल्लू झालं की आकडा धाडकन खाली. आणि ही त्यांची पिल्लं."

मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते आणि पुड्यांवरच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक तर त्यांनी स्वतः घातले होते. त्यांनी एकेका क्रमांकावर बोट ठेवलं. हे पिल्लू खडकापाशी सापडलेलं. हे त्यांना फार गोंडस वाटलेलं. प्रत्येकाच्या फॉर्मवर 'होय' होतं. प्रत्येकाला त्या तेच वाक्य बोलल्या होत्या.

"जेवढं जास्त प्यालं, तेवढं..." त्या म्हणाल्या.

"हो," मॅडम म्हणाल्या. "बिचारी आई तरी काय करणार! तिला काय ठाऊक?"

त्या दिवशी मावशींनी टेबल तीनदा धुतलं. बसमध्ये एक बाई चुकून त्यांच्या शेजारी बसली आणि वासानं नाही, मावशींचा चेहरा बघून उठून गेली.

पुढचे आठ दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. सुरी चालत होती, पण तोंड बंद. नक्कल करणारे पदवीधरही गप्प झाले. नवव्या दिवशी त्यांनी मॅडमचं दार वाजवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नदीचं मुख, शेड, तेल, मासे, मुलगा, त्याचा कान, त्याची छाती, नंतरची ठणठणीत मुलगी. सांगताना एकदाही रडल्या नाहीत. शेवटी विचारलं, "मॅडम, माझ्या दुधानंच गेला का तो?"

मॅडमनी चष्मा काढून हातात धरला. "मावशी, माणसाचं असं नसतं. डॉल्फिन आयुष्यभर मासेच खातो, त्याचे आकडे कुठल्या कुठे असतात. माणसाच्या आईचं दूध बाळाला चांगलंच, हे सगळे डॉक्टर सांगतात. आणि लहान बाळं शंभर कारणांनी जातात हो. तेव्हा कुणी काही मोजलंच नाही. कसं सांगणार?"

"आता मोजता येतं?"

"रक्तात येतं. पण..."

"मग मोजा," मावशी म्हणाल्या आणि बाही वर केली.

मॅडमनी परोपरीनं समजावलं. शेवटी हात टेकले आणि एका डॉक्टरांकरवी रक्त पाठवलं. सहा आठवडे लागणार होते. घरी मावशींनी मिस्त्रींना फक्त एवढंच सांगितलं की केंद्रात सगळ्यांचं रक्त तपासतायत, पीसीबी म्हणून काही असतं त्याच्यासाठी, तुमच्या त्या तेलातलं. मिस्त्री वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायला उचललेला हात तसाच राहिला. "त्या तेलातलं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या अंगात कसं असेल?" मग म्हणाले, "माझे कपडे तूच धुवायचीस." वर्तमानपत्र तिथेच टाकून ते बाहेर निघून गेले.

त्यानंतर मिस्त्रींना चैन पडेना. साबणानं हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. चहा निवून जायचा. रोज एकच प्रश्न, "आला का रिपोर्ट?" चाळीस वर्षं जे दोघांच्या मधून बोटभरही हललं नव्हतं, त्याच्याच भोवती हा माणूस मुकाट्यानं फिरतोय, हे मावशींना दिसत होतं. तोंडानं तो काही बोलेल तर शपथ. तेही गेली चाळीस वर्षं मुलाच्या जाण्याचा प्रश्न उशाशी घेऊन झोपत आले असावेत, एवढं मात्र मावशींना कळलं आणि नवऱ्याबद्दल फार वाईट वाटलं.

रिपोर्ट आला त्या सकाळी मॅडम जवळजवळ धावतच मागच्या खोलीत आल्या. "मावशी! कमी आहे! अगदी कमी. तुमच्या वयाच्या कुणाही बाईइतका. मी म्हटलं नव्हतं? उगीच जिवाला घोर लावून घेतलात."

मावशींनी हात पुसले, कागद घेतला आणि आकड्याकडे बघत राहिल्या.

"कमी," त्या म्हणाल्या.

"हो ना!"

"मॅडम, त्या पहिलटकरणीचा आकडा किती आला होता? पिल्लाशेजारी लागली होती, तिचा."

मॅडमच्या ओठावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. तिची पुडी मागाहून गेली होती आणि तिचाही आकडा कमीच आला होता.

"जास्त आला असता," मावशी सावकाश बोलत होत्या, "तर म्हटलं असतं, होतं माझ्यात आणि राहिलं माझ्यातच. कमी आलाय. एक तर मुळात नव्हतंच. नाहीतर होतं, आणि त्यानं नेलं."

"मावशी, चाळीस वर्षं झाली. हे आपोआपही कमी होत जातं. या आकड्यावरून तेव्हाचं काहीच सांगता येत नाही. काहीच. शास्त्र तसं म्हणत नाही."

"नसेल म्हणत," मावशी म्हणाल्या. त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली. "तुम्ही चांगल्या आहात, मॅडम. माझ्यासाठी धावलात."

मॅडमना रडू फुटलं. मावशींनीच त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि त्या शांत होईपर्यंत खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. टेबलावर एक म्हातारा नर अर्धा उघडलेला होता. तो त्यांनी दुपारपर्यंत पुरा केला.

त्या घरी आल्या तेव्हा मिस्त्री दारातच होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मावशींनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि कागद त्यांच्या हातात दिला. "कमी आलाय," त्या म्हणाल्या. "अगदी कमी."

मिस्त्रींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "कमी म्हणजे नाहीच म्हणायचं?"

"नाहीच म्हणा."

मिस्त्री खुर्चीत बसले. बसले म्हणजे जवळजवळ कोसळलेच. चाळीस वर्षं आवळून धरलेला चेहरा हळूहळू सुटला आणि हा माणूस ढसाढसा रडायला लागला. रडता रडता हसतही होता. "म्हणजे माझ्या तेलानं नाही," तो म्हणत होता. "माझ्यानं नाही झालं. अगं, मला वाटायचं, मीच घरी आणलं. तुला कधी सांगितलं नाही. त्याला पहिल्यांदा उचललं ना, तेव्हा हात धुवायला विसरलो होतो मी. कसा हसला होता! आठवतं तुला? कसं बोट धरून ठेवलं होतं त्यानं माझं!"

आणि मग तो बोलतच सुटला. मुलाचे केस कसे होते, जावळात कसा भोवरा होता, नाव काय ठेवायचं त्यानं मनात योजलं होतं. मावशींना हे नाव माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या मुलाचं नाव ऐकलं.

"हो ना?" मिस्त्रींनी डोळे पुसत विचारलं. "काही नव्हतंच ना आपल्यात?"

"काही नव्हतं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून म्हणाल्या, "ते नाव परत एकदा सांगा."